प्रोटीन कसं बनतं आणि बीपी कोण सांभाळतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोलॉजीच्या पुस्तकात प्रोटीन बनण्याचा धडा एका टोकाला आणि ब्लड प्रेशरचा पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे दोन्ही पाठ होतात पण त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं आहे असं कुणाला वाटतच नाही. खरं तर बीपी वाढवणारे, उतरवणारे आणि त्यावर नजर ठेवणारे जे कोणी शरीरात आहेत ते बहुतेक सगळे प्रोटीन तरी आहेत किंवा प्रोटीनचे तुकडे तरी. आणि बीपीतला कुठला बदल सेकंदात होतो आणि कुठल्याला दिवस लागतात हे बऱ्याच अंशी यावर ठरतं की लागणारं प्रोटीन आधीपासून तयार होतं का नव्याने बनवावं लागलं. एवढं डोक्यात ठेवून खालचं वाचलंत तर सोपं जाईल.

प्रश्न: प्रोटीन म्हणजे ते डाएटवालंच ना?

हो, पण खाल्लेलं प्रोटीन जसंच्या तसं कुठे जाऊन बसत नाही. पोटात आणि आतड्यात ते तुटतं, त्याची अमायनो अ‍ॅसिड सुटी होतात आणि ती रक्तात जातात, मग प्रत्येक पेशी त्यातून स्वतःला हवं ते प्रोटीन नव्याने जोडते. अशी अमायनो अ‍ॅसिड २० प्रकारची, त्यातली ९ शरीराला बनवता येत नाहीत म्हणून ती खाण्यातूनच यावी लागतात. इन्सुलिन साध्या गोळीसारखं गिळून का चालत नाही याचं उत्तरही इथेच आहे, तेही प्रोटीनच, पोटात गेलं की पचून जाणार.

प्रश्न: मग पेशीत प्रोटीन बनतं तरी कसं?

एक खरंखुरं प्रोटीन घेऊ म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. अँजिओटेन्सिनोजेन. हे मुख्यतः लिव्हरमध्ये बनतं, आणि पुढे बीपीच्या गोष्टीत ते लागणारच आहे.

लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात डीएनए आहे, त्यात या प्रोटीनचा जीन आहे. डीएनए केंद्रकाबाहेर जात नाही, म्हणून आरएनए पॉलिमरेज नावाचं एन्झाइम (म्हणजे रासायनिक काम घडवून आणणारं प्रोटीन) त्या जीनची एक झेरॉक्स काढतं, तो मेसेंजर आरएनए. ही पहिली प्रत कच्ची असते, मधेमधे नको असलेले तुकडे असतात ते कापून काढले जातात आणि उरलेले जोडले जातात, पुढच्या टोकाला एक टोपी आणि मागच्या टोकाला ए-ए-ए अशी लांब शेपटी लागते, ज्यामुळे ती प्रत लगेच कुजत नाही. मग ती केंद्रकाच्या भोकातून बाहेर येते.

बाहेर रायबोसोम, म्हणजे प्रोटीन जोडणारं पेशीतलं यंत्र, तिला पकडतो. आरएनएची अक्षरं चारच, ए, यू, जी आणि सी, आणि तो ती तीन-तीन करून वाचतो. या चार अक्षरांचे तीन-तीनचे गट केले तर ६४ होतात, त्यातले ६१ कुठल्या ना कुठल्या अमायनो अ‍ॅसिडसाठी आणि ३ थांबण्यासाठी. सुरुवात एयूजी या गटापासून, म्हणून सुरुवातीला प्रत्येक साखळीचं पहिलं अमायनो अ‍ॅसिड मेथिओनिन असतं, नंतर ते बऱ्याचदा काढून टाकलं जातं. प्रत्येक गटासाठी ट्रान्सफर आरएनए नावाचा छोटा रेणू बरोबर तेच अमायनो अ‍ॅसिड घेऊन येतो, रायबोसोम ते आधीच्या साखळीला जोडतो आणि तीन अक्षरं पुढे सरकतो, परत तेच. हा कोड उलगडायला १९६१ साली सुरुवात झाली, निरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू-यू-यू अशा आरएनएपासून एकाच अमायनो अ‍ॅसिडची साखळी बनवून दाखवली, आणि पुढे हरगोविंद खोराना यांनी ठरवून बनवलेले आरएनए वापरून बराचसा कोड पक्का केला, त्याचं नोबेल १९६८ चं. रायबोसोम आतून दिसतो कसा याचं नोबेल २००९ चं, त्यात वेंकी रामकृष्णन होते.

पण साखळी झाली म्हणजे प्रोटीन झालं असं नाही, आणि नेमका हाच भाग परीक्षेला कुणी विचारत नाही. अँजिओटेन्सिनोजेनला पेशीबाहेर रक्तात जायचंय, म्हणून त्याच्या साखळीच्या सुरुवातीलाच एक पत्ता लिहिलेला असतो, तो दिसला की अख्खा रायबोसोम ईआरच्या (पेशीतलं पडद्यांचं जाळं, जिथे प्रोटीन घडी घेतात) पडद्याला जाऊन चिकटतो आणि साखळी बनता बनता आत ढकलली जाते. आत पत्त्याचा तुकडा कापला जातो, साखळी घडी घेते, काही ठिकाणी साखरेचे रेणू लागतात, मग गॉल्जी (पेशीतलं पॅकिंगचं ठिकाण), मग छोट्या पिशवीत बसून पेशीबाहेर. घडी चुकली तर ते प्रोटीन बाहेर सोडत नाहीत, मोडून टाकतात. घडीला इतकं महत्त्व का, तर प्रोटीनचं काम त्याच्या आकारावर चालतं, नुसता अमायनो अ‍ॅसिडचा क्रम बरोबर असून भागत नाही.

प्रश्न: याला वेळ किती लागतो?

माणसाच्या पेशीत रायबोसोम सेकंदाला साधारण पाचेक अमायनो अ‍ॅसिड जोडतो. अँजिओटेन्सिनोजेनची साखळी पाचशेच्या थोडी आत, म्हणजे दीड-पावणेदोन मिनिटं. स्नायूतलं टायटिन हे आपल्यातलं सगळ्यात मोठं प्रोटीन, त्यात ३४ हजारांच्या आसपास, त्याला दोन तास सहज. एका मेसेंजर आरएनएवर एकामागे एक बरेच रायबोसोम चालत असतात म्हणून माल भरपूर निघतो. पण त्याआधी जीन चालू होणं, प्रत काढणं, ती साफ करणं आणि नंतर घडी, पॅकिंग, पोचवणं हे सगळं धरलं तर हुकूम आल्यापासून प्रोटीन कामाला लागेपर्यंत अर्धा-एक तास आरामात जातो, कधी कित्येक तास. हा उशीर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रश्न: सगळ्या पेशींत डीएनए तोच, मग प्रत्येक पेशी सगळीच प्रोटीन का बनवत नाही?

कारण प्रत्येक पेशीत वेगळे जीन चालू असतात. जीन चालू-बंद करणारीही परत प्रोटीनच असतात. प्रोटीन बनवणारे साधारण २० हजार जीन सगळ्यांकडे आहेत, पण रक्तात रेनिन (बीपीच्या गोष्टीतलंच एक प्रोटीन, पुढे येईल) सोडायचं काम मुख्यतः किडनीतल्या मूठभर पेशी करतात.

प्रश्न: बीपी नेमकं कशावर ठरतं?

दोनच गोष्टी. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं आणि त्या रक्ताला पुढे जायला अडथळा किती. अडथळा मुख्यतः बारीक धमन्यांत असतो, आणि तिथे गंमत अशी की नळी अर्ध्याने अरुंद झाली तर अडथळा दुप्पट नाही, १६ पट होतो. त्यामुळे भिंतीतला स्नायू जरासा आवळला किंवा सैल पडला तरी बीपीवर लगेच दिसतं. वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते सैल असतानाचा, दोन्ही मिलिमीटर पाऱ्यात.

प्रश्न: झोपलेलं माणूस एकदम उभं राहिलं तर बीपी कोसळत का नाही?

कोसळायला लागतंच, फक्त आपल्याला कळायच्या आत सावरलं जातं. उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत उतरतं, हृदयाकडे परत येणारं कमी होतं, दाब उतरतो. मानेत जबड्याच्या कोनाखाली कॅरॉटिड धमनी फुगीर होते तिथे आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी नसांची टोकं आहेत, त्यांना बॅरोरिसेप्टर म्हणतात. ताण कमी झाला की तिथून मेंदूच्या देठाकडे जाणारे सिग्नल कमी होतात, आणि एक-दोन ठोक्यांतच उलट हुकूम निघतो: ठोके वाढव, नळ्या आवळ, शिरांतलं रक्त वर ढकल.

हा ताण ओळखतं कोण? परत प्रोटीनच. पिएझो १ आणि पिएझो २ नावाची, पेशीचा पडदा ताणला की उघडणारी. ती शोधणारे आर्देम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. उंदरांच्या त्या नसांतून दोन्ही काढून टाकली तर हा रिफ्लेक्स चालतच नाही.

इथे सगळं सेकंदात झालं कारण एकही नवीन प्रोटीन बनवावं लागलं नाही. चॅनेल (पडद्यातली उघडझाप करणारी दारं), रिसेप्टर (हुकूम पकडणारी प्रोटीन), स्नायूतले धागे, सगळं आधीच जागेवर होतं. ज्यांना उभं राहिल्यावर चक्कर येते, आणि तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरतो, त्यांची ही साखळी कुठेतरी कमी पडतेय किंवा पाणी कमी पडलंय किंवा एखादी गोळी आड येतेय, तर डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: एवढी भारी सिस्टीम आहे तर लोकांना हाय बीपी होतंच कसं?

कारण बॅरोरिसेप्टर बदल ओळखतात, चढा दाब तसाच टिकून राहिला तर एक-दोन दिवसांत त्यालाच नॉर्मल समजायला लागतात. म्हणजे मिनिटा-मिनिटाचे चढउतार ते सांभाळतात, महिनोन्महिन्यांचा दाब नाही. ते काम मुख्यतः किडनीचं.

प्रश्न: किडनी तर लघवी बनवते, तिचा बीपीशी काय संबंध?

मला विचाराल तर या पानावरचा हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. १८९८ साली टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचं बीपी चढलं. त्या अर्कातल्या पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिलं. लोकांनी बरीच वर्षं दुर्लक्ष केलं, मग १९३४ मध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीची धमनी चिमट्याने अरुंद केली, बीपी वाढलं, आणि विषय परत उघडला.

घडतं असं. किडनीतला दाब उतरला, किंवा किडनीच्या लघवी बनवणाऱ्या बारीक नळीत मीठ कमी पोचलं, किंवा नसांकडून हुकूम आला, की त्या मूठभर पेशी रेनिन सोडतात. रेनिन बनवून दाण्यांमध्ये साठवून ठेवलेलं असतं, म्हणून ते मिनिटांत बाहेर येतं. रेनिन म्हणजे एन्झाइम, त्याचं काम एकच, लिव्हरने रक्तात सोडलेलं ते अँजिओटेन्सिनोजेन पकडायचं आणि त्याच्या टोकाची फक्त १० अमायनो अ‍ॅसिड तोडायची. एवढं मोठं प्रोटीन बनवलं आणि कामाचा तुकडा दहाचा! हा तुकडा अँजिओटेन्सिन १, तो स्वतः फारसं काही करत नाही. मग एसीई नावाचं दुसरं एन्झाइम, जे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर भरपूर असतं, त्यातली शेवटची दोन काढतं. उरली आठ. हे अँजिओटेन्सिन २, आणि याचा दणका जबरदस्त. बारीक धमन्या आवळतं, तहान लावतं, किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हा मीठ धरून ठेवणारा हार्मोन सोडायला सांगतं. रक्तात ते मिनिटभरही टिकत नाही, म्हणून कारखाना थांबला की परिणामही लवकर ओसरतो.

प्रश्न: अल्डोस्टेरॉनचा परिणाम दिसायला वेळ का लागतो?

कारण ते वेगळ्या वाटेने जातं. अल्डोस्टेरॉन प्रोटीन नाही, कोलेस्टेरॉलपासून बनलेलं स्टेरॉइड आहे, ते पेशीच्या पडद्यातून सरळ आत शिरतं, आतल्या रिसेप्टरला चिकटतं आणि ती जोडी केंद्रकात जाऊन जीन चालू करते. म्हणजे वर सांगितलेला सगळा प्रवास, प्रत काढण्यापासून घडी घालण्यापर्यंत, आता व्हायचाय. १९६३ मध्ये टोड या बेडकासारख्या प्राण्याच्या मूत्राशयावर केलेल्या प्रयोगात आरएनए बनणं किंवा प्रोटीन बनणं औषधाने रोखलं तेव्हा अल्डोस्टेरॉन घालूनही सोडियमची ने-आण वाढलीच नाही. आधी पाऊण-एक तास काहीच दिसत नाही, मग हळूहळू वाढतं, आणि पूर्ण जोर यायला तासच्या तास, कधी दिवस.

बनतं काय? किडनीच्या नळीत लघवीतून सोडियम परत ओढणारे ईनॅक नावाचे चॅनेल, दुसऱ्या बाजूने तो सोडियम रक्ताकडे ढकलणारे पंप, आणि सगळ्यात आधी एसजीके १ नावाचं एक प्रोटीन, ज्याचं काम जरा चलाखीचं आहे: ते चॅनेल बनवत नाही, चॅनेल मोडणाऱ्याला अडवतं.

प्रश्न: मोडणाऱ्याला म्हणजे? प्रोटीन मुद्दाम मोडतात?

सतत मोडतात. प्रोटीन किती आहे हे बनण्याइतकंच मोडण्यावरही ठरतं. ईनॅक चॅनेलला नेड४-२ नावाचं प्रोटीन पकडतं, त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनची खूण करतं, आणि खूण झालेलं चॅनेल पडद्यावरून आत ओढून मोडलं जातं. लिडल सिंड्रोम नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक आजारात चॅनेलच्या शेपटीचा तो पकडायचा भागच बिघडलेला किंवा गायब असतो. चॅनेल मोडता येत नाहीत, पडद्यावर साचत जातात, सोडियम येतच राहतो, आणि लहान वयातच बीपी चढतं. अशा पेशंटमध्ये अल्डोस्टेरॉन उलट कमी असतं, त्यामुळे त्याला अडवणारी गोळी चालत नाही, चॅनेलच बंद करणारी अमिलोराइड चालते. डीएनएतल्या एका छोट्या बदलाचा धागा थेट बीपीच्या आकड्यापर्यंत जातो, याहून सरळ उदाहरण मला तरी सुचत नाही.

प्रश्न: मीठ खाल्लं की बीपी का वाढतं?

सोडियम थांबला की त्याच्यासोबत पाणी थांबतं, रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदयाला जास्त ढकलावं लागतं. निरोगी किडनी वाढलेल्या दाबावर जास्त मीठ-पाणी बाहेर टाकून हिशेब जुळवते. ज्यांची किडनी हे कमी जोराने करते त्यांचं बीपी चढंच राहतं, म्हणून तेवढंच मीठ खाऊन एकाचं वाढतं, दुसऱ्याचं फारसं नाही. डब्ल्यूएचओचा सल्ला मोठ्यांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांतलंही धरायचं, वरून घेतलेलंच नाही.

प्रश्न: शरीरात बीपी कमी करणारं काही नाहीच का?

आहे ना. हृदयाचे वरचे कप्पे जास्त ताणले की त्यांच्या पेशी एएनपी नावाचा २८ अमायनो अ‍ॅसिडचा हार्मोन सोडतात, तो किडनीला मीठ सोडून द्यायला लावतो आणि रेनिनलाही दाबतो. हृदय नुसता पंप नाही, हार्मोनही बनवतं हे १९८१ मध्ये डी बोल्ड यांच्या प्रयोगातून पुढे आलं. शिवाय रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतं, त्याने भिंतीचा स्नायू सैल पडतो, त्याचं नोबेल १९९८ चं. वायू बनवणारं एन्झाइम अर्थात प्रोटीनच.

आणि पाण्याचा हिशेब व्हॅसोप्रेसिनकडे, ९ अमायनो अ‍ॅसिडचा हार्मोन. तो किडनीच्या पेशीत आधीच तयार असलेले पाण्याचे चॅनेल पिशव्यांतून काढून पडद्यावर बसवतो, म्हणून त्याचा परिणाम मिनिटांत दिसतो. पण तहान लांबली तर तोच हार्मोन नवीन चॅनेलही बनवायला लावतो. एकाच हार्मोनची दोन वेगवेगळी घड्याळं.

प्रश्न: वय वाढलं की वरचाच आकडा जास्त का वाढतो?

मोठ्या धमन्यांची लवचीकता इलास्टिन नावाच्या प्रोटीनमुळे असते, आणि ते मुख्यतः जन्माच्या आधी आणि लहानपणी बनतं, मोठेपणी जवळजवळ नाहीच. एरवी शरीर प्रोटीन मोडून नवं घालत असतं, हे मात्र आयुष्यभर तेच वापरायचं. दर ठोक्याला ताणून ते हळूहळू तुटतं, त्याच्या जागी कडक कोलॅजनचा वाटा वाढतो. कडक धमनी हृदयाचा धक्का सामावून घेत नाही म्हणून वरचा आकडा चढतो, आणि मग मागे दाब धरून ठेवत नाही म्हणून खालचा साठीनंतर कित्येकदा उतरतो. दोन्हीतला फरक वाढणं ही याचीच खूण.

प्रश्न: बीपीच्या गोळ्या यात कुठे बसतात?

"प्रिल" ने संपणाऱ्या गोळ्या एसीईला अडवतात, "सार्टन" वाल्या अँजिओटेन्सिन २ च्या रिसेप्टरला. पहिली प्रिल, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या जाराराका सापाच्या विषातल्या पेप्टाइडच्या (प्रोटीनसारखीच, पण छोटी साखळी) अभ्यासातून निघाली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. प्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो कारण एसीई ब्रॅडीकायनिन नावाचं दुसरं पेप्टाइडही तोडत असतं, ते साचतं. सार्टनमध्ये हा त्रास कमी. गरोदरपणात दोन्ही चालत नाहीत, बाळाला धोका असतो, हे ठळक लक्षात ठेवा.

पूर्ण परिणाम दिसायला बऱ्याच गोळ्यांना दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा तीन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. आणि मनाने अचानक बंद तर अजिबात करू नका, क्लोनिडिनसारख्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी आधीपेक्षा वर उसळतं.

प्रश्न: प्रोटीन पावडर घेतली की शरीर रेनिन जास्त बनवेल का?

नाही. कच्चा माल वाढला म्हणून जीन चालू होत नाही, हुकूम वेगळीकडून येतो. पावडरमध्ये सोडियम किंवा उत्तेजक काही घातलंय का ते मात्र लेबलवर बघा, आणि किडनीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न: घरी मोजलेला आकडा दर वेळी वेगळा येतो, मशीन खराब आहे का?

बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. बीपी दर ठोक्याला बदलतं, रात्री झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतं, सकाळी चढतं. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, एकावर एक नाही, बोलणं बंद, पट्टा दंडाच्या मापाचा आणि हृदयाच्या उंचीला. हात १० सेंटिमीटर खाली असला तर आकडा ७-८ ने जास्त येतो, निव्वळ रक्ताच्या वजनामुळे. दोनदा मोजा, मधे एक मिनिट सोडा, असं काही दिवस सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा आणि सरासरी दाखवा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांशी बोला. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नॉर्मल हा हिशेब धरू नका, हाय बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा नजर धूसर होणं यातलं काहीही असेल तर परत परत मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.